रिटर्न तिकीट कुठून सुरू करावं?

वाचकांचे प्रश्न : परदेश प्रवास

प्रश्न : मुलगा सप्टेंबरमध्ये पहिल्यांदाच शिकायला फ्रँकफर्टला निघाला आहे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला त्याला घरी यायचं आहे आणि मग परत जायचं आहे. एजंट म्हणतो, मुंबईहून रिटर्न काढा, वन-वेपेक्षा परवडेल. काढावं का?
– एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : एका तिकिटापुरतं पाहिलं तर एजंटचं म्हणणं खोटं नाही. मोठ्या कंपन्यांचं वन-वे भाडं रिटर्नच्या निम्म्यावर क्वचितच येतं. पण जानेवारीत मुलगा घरी पोचला की ते तिकीट संपलं. परत जायला पुन्हा मुंबईहून रिटर्न, त्याची परती तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे ऑगस्टमध्ये. शिक्षण संपेपर्यंत त्याचं प्रत्येक तिकीट मुंबईहूनच सुरू होत राहील. राहणार तो जर्मनीत आणि दर लागणार मुंबईचा.

विमानाचं भाडं नुसत्या अंतरावर ठरत नाही. प्रवास ज्या गावाहून सुरू होतो तिथली मागणी, तिथली कंपन्यांची चढाओढ आणि मोसम यांवर ते बेतलेलं असतं. शिवाय अनेक रिटर्न भाड्यांत मोसम फक्त जाण्याच्या तारखेवरून धरतात आणि तोच दर येण्यालाही लागतो. त्यामुळे तीच दोन विमानं कोणत्या टोकाकडून विकत घेतली यावर किंमत बदलते. इथून युरोपला जाणाऱ्या विद्यार्थ्यांची झुंबड ऑगस्ट-सप्टेंबरात असते. तिकडून इकडे येणाऱ्यांची गर्दी जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत आणि डिसेंबरच्या मध्यापासून नाताळपर्यंत. गड्डा संक्रांतीला येतो, म्हणजे ती लाट ओसरल्यावर. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात फ्रँकफर्टहून सुरू होणारं रिटर्न त्यामुळे बहुधा चांगल्या दरात मिळतं.

तेव्हा दोन हिशेब समोर ठेवा. पहिला : मुंबईहून दोन रिटर्न, सप्टेंबर–जानेवारी आणि फेब्रुवारी–ऑगस्ट. दुसरा : सप्टेंबरचं वन-वे, फ्रँकफर्टहून जानेवारीचं रिटर्न आणि ऑगस्टमध्ये फ्रँकफर्टहूनच निघणाऱ्या पुढच्या रिटर्नची अर्धी किंमत. दोन्हींत चार उड्डाणं आहेत, म्हणून तुलना सरळ होते. एजंटने दिलेल्या एका आकड्याची दुसऱ्या एका आकड्याशी तुलना केली, तर मात्र फसगत होईल.

वन-वे घेताना विद्यार्थी भाडं आवर्जून विचारा. अनेक कंपन्या त्यात जादा बॅग किंवा जादा वजन देतात, आणि पहिल्या खेपेला त्याचीच खरी गरज असते. विद्यार्थी व्हिसावर वन-वे जायला हरकत नसते. पर्यटक व्हिसावर जाणाऱ्याला मात्र चेक-इनलाच परतीचं तिकीट विचारू शकतात.

आमचा कल दुसऱ्या हिशेबाकडे आहे, आणि त्याला पैशांपलीकडचंही कारण आहे. ऑगस्टची तारीख फेब्रुवारीतच बांधून घ्यावी लागत नाही. परीक्षा पुढे गेली की तारीख बदलण्याचं शुल्क आणि वर भाड्यातला फरक असे दोन्ही भरावे लागतात. स्वस्त भाड्यांना जास्तीत जास्त मुक्कामाची मर्यादाही असते, कधी तीन महिने, कधी सहा. बुकिंग करण्याआधी ती वाचा.

फ्रँकफर्टहून सुरू होणाऱ्या तिकिटाचे पैसे मुलाच्या तिकडच्या कार्डाने भरा. आपल्या कार्डाने युरोत भरलं तर बँक साधारण २ ते ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याचं जादा शुल्क, लावते आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. ३.५ टक्क्यांचे अशा रीतीने ४.१३ टक्के होतात. पैसे भरताना ‘रुपयांत भरायचे का?’ असा पर्याय आला तर तो नाकारा, कारण त्यातला विनिमय दर बहुतेकदा बँकेपेक्षा महाग असतो.

प्रश्न : आम्ही दोघं सत्तरीला आलो आहोत. मुलगी न्यू जर्सीत असते. गुडघ्यांमुळे यंदा बिझनेस क्लासने जावं म्हणतो. कोलंबोहून तिकीट सुरू केलं तर लाखभर वाचतात असं कळलं. करावं का?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : बिझनेस क्लासमध्ये असा फरक खरोखर दिसतो. इकॉनॉमीत तो बहुधा इतका तोकडा असतो की कोलंबोपर्यंत जाण्या-येण्यातच खर्ची पडतो. पण दिसणारा फरक म्हणजे बचत नव्हे.

समजा, माणशी मुंबईहून २,४०,००० आणि कोलंबोहून १,७५,००० रुपये असा भाव आला. दोघांचे १,३०,००० वाचताना दिसतात. त्यातून मुंबई–कोलंबो जाणं-येणं माणशी २५,००० धरून ५०,००० वजा करा. जाताना एक आणि येताना एक रात्र हॉटेलचे १२,००० वजा करा. तिकीट परकीय चलनात पडलं तर ३,५०,००० वर ४.१३ टक्क्यांनी १४,४५५ गेले. उरले ५३,५४५. त्यात श्रीलंकेचा ईटीए (आधी ऑनलाइन काढायची प्रवेशाची परवानगी), टॅक्सी, जेवणखाण यायचंच आहे. ईटीए ३० दिवसांच्या मुक्कामासाठी असतो. मुलीकडे काही महिने राहून परतताना तो नव्याने काढावा लागेल हे गृहीत धरा.

सामानाचं गणित वेगळंच आहे. अमेरिकेच्या बिझनेस तिकिटावर माणशी ३२ किलोच्या दोन बॅगा बहुधा चालतात. कोलंबोच्या साध्या तिकिटावर सगळं मिळून २० ते ३० किलो. शेंगा चटणी, कडक भाकरी आणि चादरी भरलेल्या बॅगांना पहिल्याच टप्प्यावर जादा वजनाचे पैसे पडतील. तिकिटं वेगवेगळी असल्यामुळे बॅगा कोलंबोत स्वतः घ्यायच्या, इमिग्रेशन करून बाहेर पडायचं आणि पुन्हा चेक-इन करायचं.

सगळ्यात मोठा धोका उशिराचा. मुंबईचं विमान लांबलं आणि कोलंबोचं सुटलं, तर दुसरी कंपनी तुम्हाला पुढच्या विमानात बसवायला बांधील नाही. पहिलं उड्डाण चुकलं की त्या तिकिटाचा पुढचा प्रवास, परतीसकट, रद्द होतो. म्हणून एक दिवस आधी जाणं ही चैन नाही, ती अट समजा.

कधी कोलंबोहून निघणारं विमान मुंबईमार्गेच जातं. मग पहिला टप्पा सोडून मुंबईतच बसलो तर, असं मनात येतं. तसं केलं तर वर सांगितल्याप्रमाणे अख्खं तिकीट बाद. येताना शेवटचा टप्पा सोडून मुंबईत उतरणं शक्य वाटतं, पण चेक-इन केलेली बॅग कोलंबोला गेलेली असते. बहुतेक कंपन्यांच्या अटींत हे बसतही नाही आणि त्या भाड्यातला फरक मागू शकतात.

आमचं स्पष्ट मत : कोलंबोहून जाऊ नका. व्हीलचेअर लागत असेल तर मुंबईहून एकाच तिकिटावर, एकच विमान बदलून जा; बदलायला किमान तीन तास ठेवा. कोलंबोचा मार्ग धडधाकट, हलकं सामान घेऊन फिरणाऱ्या आणि तारखांना सवड असलेल्या माणसासाठी आहे.

प्रश्न : वेबसाइटवर देश बदलला किंवा व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवणारी सोय) लावलं तर तेच तिकीट स्वस्त मिळतं का?
– पूर्व भागातून

उत्तर : क्वचित थोडंसं. दर मुख्यतः प्रवास कुठून सुरू होतो यावर ठरतो, तुम्ही कुठे बसून शोधता यावर नाही. दिसणारा फरक पुष्कळदा चलनाच्या रूपांतराचा असतो आणि कार्डाच्या मार्कअपमध्ये जिरतो.

प्रश्न : सोलापूरकरांनी परदेशासाठी मुंबई धरावी की हैदराबाद?
– विजापूर रोड

उत्तर : दोन्हींचे भाव पाहा. रस्त्याने हैदराबाद साधारण ३०० किलोमीटर, मुंबई ४००. दोन्ही शहरं एकाच तिकिटातही बसतात : बुकिंग करताना ‘मल्टी-सिटी’ निवडून जाणं हैदराबादहून आणि येणं मुंबईला असं टाका. तिकीट एकच राहतं आणि भाडं बहुधा दोन्ही रिटर्नच्या निम्म्या-निम्म्या बेरजेजवळ येतं. युरोपकडची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी पोचवते, म्हणजे अख्खा दिवस मुंबईत काढावा लागतो. सकाळच्या वंदे भारतने दुपारी पोचणं त्या मानाने बरं. तारीख मात्र नीट पाहा : रात्री १२.४० चं विमान १५ तारखेचं असेल, तर घरून १४ लाच निघायचं असतं.