पुस्तकात मापं आहेत, मग आईचा सीटी कशाला?

प्रश्न : आईच्या (वय ६४) मानेच्या मणक्यांत स्क्रू बसवायचे ठरलंय. एमआरआय झालाय. आता सर्जन म्हणतात, बारीक कापांचा सीटी काढा, मणके मोजायचेत. मणक्यांची मापं पुस्तकांत असतातच ना? मग हा जादा खर्च का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सीटी काढून घ्या. मी २६ वर्षं शरीररचनाशास्त्र शिकवलं, त्यातली कित्येक दुपारं हातात व्हर्नियर घेऊन कोरडे मणके मोजण्यात गेली. म्हणून ठामपणे सांगते.

मानेच्या मणक्याला दोन्ही बाजूंना एकेक भोक असतं. बहुतेकांत सहाव्या मणक्यापासून वर त्यातूनच मेंदूकडे जाणारी धमनी चढते. आतल्या अंगाला मज्जारज्जू. या दोहोंच्या मधला हाडाचा आखूड दांडा म्हणजे पेडिकल. तिसऱ्या ते पाचव्या मणक्यात त्याची रुंदी साधारण साडेचार-पाच मिलिमीटर, आणि नेहमीचा स्क्रू साडेतीनचा. अगदी मधोमध गेला तरी दोन्हीकडे अर्धा-पाऊण मिलिमीटर उरतो. त्यातही धमनीकडची भिंत पातळ.

एक चौथा मणका मला अजून आठवतो. डावा पेडिकल ५.२, उजवा ३.९. व्हर्नियर शून्यावर आणून पुन्हा मोजला, आकडा हलेना. मुलांना सरासरी विचारली. ४.५५, उत्तर लगेच आलं. मग मी तो मणका त्यांच्यात फिरवला आणि म्हटलं, ४.५५ कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा.

पुस्तकातली पुष्कळ मापं अशाच हाडांवरून आली आहेत. हाड कुणाचं, वय काय, हेही अनेकदा माहीत नसतं. बायकांचे पेडिकल सरासरीने आणखी अरुंद असतात. कुठे जपायचं ते ही मापं शिकवतात. आईचा आकडा मात्र आईच्याच मणक्यात सापडणार. एमआरआयमध्ये मज्जारज्जू छान दिसतो, पण हाडाची कड सीटीइतकी नेमकी दिसत नाही.

पेडिकल बारीक निघाला तर घाबरू नका. मागच्या बाजूने, मणक्याच्या बाजूच्या जाड भागात, टोक बाहेरच्या दिशेला ठेवून स्क्रू बसवता येतो. आईला कोणती वाट योग्य, आणि कोणत्या बाजूची धमनी मोठी आहे, हे सर्जनना जरूर विचारा.

मानेचा सीटी आधी कधी झाला असेल तर त्याची सीडी घेऊन जा. काप १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असतील, तर कदाचित तेवढ्यावर भागेल.