गोलकीपर उशिरा पिकतो, पण बाकावर बसून नाही

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा आहे, बारावी सायन्सला. कोल्हापुरातल्या एका नावाजलेल्या संघात दुसरा गोलकीपर आहे. पूर्ण हंगामात त्याला दोनच सामने मिळाले. आमच्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव या वयात भारताकडून विश्वचषक खेळला, आणि हा अजून बाकावर. मी खेळ थांबव म्हणालो की हा स्वीडनचा जुना गोलकीपर थॉमस रावेली याचं नाव घेतो आणि म्हणतो, 'पप्पा, गोलकीपर उशिराच पिकतो.' त्याचं ऐकावं की खेळ बंद करून क्लास लावावा?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आधी अनिकेतशी तुलना थांबवा. तो २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला हे खरं आणि अभिमानाचंही आहे, पण तो फॉरवर्ड, म्हणजे पुढे खेळून गोल करणारा आहे. प्रशिक्षक फॉरवर्डला शेवटच्या वीस मिनिटांत उतरवून बघू शकतात, किंवा आज डावीकडून आणि उद्या उजवीकडून खेळवू शकतात. गोलपोस्टमध्ये जागा एकच असते. पहिला गोलकीपर जखमी झाल्याशिवाय किंवा त्याचा फॉर्म गेल्याशिवाय ती सहसा रिकामी होत नाही. त्यामुळे 'सतराव्या वर्षी काय केलं' या मापाने गोलकीपर मोजायचा नसतो. एवढ्यापुरतं तुमच्या मुलाचं म्हणणं बरोबर आहे.

त्याने नावही चांगलं निवडलंय. रावेलीचा जन्म १९५९ चा. १९८१ मध्ये तो स्वीडनच्या राष्ट्रीय संघात आला आणि १९९७ पर्यंत खेळला. त्याचे एकूण १४३ आंतरराष्ट्रीय सामने हा स्वीडनच्या पुरुष संघाचा विक्रम होता आणि तो २०१३ पर्यंत टिकला. पण मला त्या आकड्यापेक्षा मधली वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. १९८२ आणि १९८६ चे विश्वचषक, १९८४ आणि १९८८ चे युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा), या चारपैकी एकाही स्पर्धेला स्वीडन पात्र ठरला नाही. देशाचा गोलकीपर असूनही या माणसाला पहिली मोठी स्पर्धा बघायला १९९० उजाडलं. तेव्हा तो तिशीत पोचला होता. आणि तिथे काय झालं? इटलीतल्या त्या विश्वचषकात स्वीडन तिन्ही सामने २-१ असे हरून घरी परतला.

१९९२ चा युरो स्वीडनमध्येच झाला. त्यात संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि जर्मनीकडून ३-२ असा हरला. मग आला १९९४ चा अमेरिकेतला विश्वचषक. उपांत्यपूर्व सामना रुमानियाशी होता. जादा वेळेत स्वीडनचे दहाच खेळाडू उरले होते. २-१ ने मागे असताना केनेट अँडरसनने पाचेक मिनिटं राहिली असताना हेडरने बरोबरी साधली. पेनल्टींमध्ये स्वीडनची पहिलीच किक वाया गेली. म्हणजे आता गोलकीपरनेच काही केलं तर! रावेलीने आधी पेत्रेस्कूची आणि शेवटी बेलोदेदिचीची किक अडवली, आणि स्वीडन ५-४ ने जिंकला. त्या वेळी तो पस्तिशीला टेकला होता. स्पर्धेत स्वीडन तिसरा आला. त्या पेनल्टी मी आजही मन लावून बघतो. तुमच्या मुलानेही बहुधा त्याच पाहिल्या असणार.

पण त्याचं चुकतं ते इथेच. रावेलीला फळ उशिरा मिळालं, म्हणून तो तोवर बसून राहिला होता असं नाही. विशीच्या उंबरठ्यावरच तो वेक्शो या छोट्या शहरातल्या ऑस्टर क्लबच्या पहिल्या संघात उभा राहू लागला होता. १९८० आणि १९८१ मध्ये ऑस्टरने स्वीडिश लीग जिंकली. १९८१ मध्ये देशातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कारही त्याला मिळाला. ऑस्टरमध्ये दहाएक हंगाम काढल्यावर तो आयएफके गोथेनबर्गकडे गेला आणि तिथेही वर्षानुवर्षं खेळला. म्हणजे राष्ट्रीय संघाला मोठी स्पर्धा मिळत नव्हती तेव्हाही हा माणूस आठवड्यामागून आठवडे नव्वद मिनिटं गोलमध्ये उभा होता. कॉर्नरला पुढे यायचं की थांबायचं, डिफेंडरला कधी ओरडायचं, चुकून गोल खाल्ल्यावर पुढची दहा मिनिटं डोकं कसं जागेवर ठेवायचं, हे सरावात अर्धंच शिकता येतं. बाकीचं सामन्यात चुका करूनच येतं. दोन सामन्यांच्या हंगामात तुमच्या मुलाला चूक करायलाही जागा मिळालेली नाही.

म्हणून खेळ बंद करू नका, संघ बदलायचा विचार करा. आधी मुलाने स्वतः प्रशिक्षकांना विचारावं, 'पुढच्या हंगामात मला किती सामने मिळतील?' तुम्ही विचारू नका, त्याला विचारू द्या. उत्तर गुळमुळीत आलं, तर नोंदणीच्या वेळी लहान संघ बघा. तो संघ हरणारा असला तरी हरकत नाही. हरणाऱ्या संघाच्या गोलकीपरवर जास्त शॉट येतात. नावाजलेल्या पेठेच्या संघाची जर्सी सोडताना मुलाला वाईट वाटेल, कोल्हापुरात तर फारच, हे मी समजू शकतो. तरीही सोडावी. भारताचा गोलकीपर गुरप्रीत सिंग संधू इथून नॉर्वेच्या स्टाबेक क्लबकडे गेला, तेव्हा त्यालाही तिथे दुसरा गोलकीपर म्हणून बराच काळ काढावा लागला. पण तो परदेशातल्या वरच्या दर्जाचा सराव होता. गावातल्या बाकाला ते गणित लागू होत नाही.

आता अभ्यासाचं. बारावी सोडायची नाही, यावर तडजोड नको. रावेलीच्या सुरुवातीच्या काळात स्वीडनमध्येही फुटबॉल पूर्णवेळ पोटापाण्याचा धंदा झालेला नव्हता. १९८२ मध्ये गोथेनबर्गने हॅम्बुर्गला हरवून यूएफा कप जिंकला, तेव्हा त्या संघातले बरेच जण नोकरी सांभाळून खेळत होते. (रावेली त्या संघात नव्हता, तो तिथे नंतर गेला.) युरोपचा चषक जिंकणाऱ्यांना जे कमीपणाचं वाटलं नाही, ते आपल्याला का वाटावं?

मुलाला इंजिनिअरिंगची मनापासून ओढ नसेल, तर खेळ सोडवून जेईईच्या क्लासचा मोठा खर्च करू नका. फिजिओथेरपी किंवा पदवीनंतर बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) हे रस्ते खेळाला धरून आहेत. पुढे गोलकीपिंग प्रशिक्षकाचे वेगळे परवाना अभ्यासक्रमही करता येतात, आणि आपल्याकडे गोलकीपरला शिकवणारी माणसं फार कमी आहेत. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी कोणत्या स्तरावरच्या स्पर्धेतलं प्रमाणपत्र चालतं, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन आताच विचारा आणि प्रमाणपत्रं जपून ठेवा.

बारावीची परीक्षा होईपर्यंत सराव आठवड्यातून तीन दिवसांवर आणा, आणि परीक्षा संपली की नव्या संघासाठी चाचणीला पाठवा. पुढच्या हंगामात त्याला निदान बारा-पंधरा पूर्ण सामने मिळाले, तर हंगामाच्या शेवटी मला पुन्हा लिहा. तेव्हा तो कसा खेळतो यावर बोलू. आज त्यावर बोलायला आपल्या हातात काहीच नाही.