रिपोर्ट नॉर्मल, तरी कंबर दुखतेच

"एक्स-रे झाला, एमआरआय झाला, सगळं नॉर्मल म्हणत्यात. मग माझं दुखणं काय सोंग हाय व्हय?"

निपाणीहून आलेल्या मावशींनी खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदललेत.) वय पन्नाशीचं, निम्मं आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं. दीड वर्ष कंबर धरलेली. मुलगा चिडून म्हणाला होता, "तुझ्या मनाचं आहे सगळं." हे सांगताना त्यांना रडू आवरलं नाही. रिपोर्ट चांगला म्हणजे दुखणं खोटं का, असं विचारणारी माणसं माझ्याकडे सारखी येतात आणि दर वेळी माझं काळीज हलतं.

बोलता बोलता माझं लक्ष त्यांच्या डाव्या तर्जनीवरच्या पांढऱ्या वणाकडे गेलं. हे कशानं, विचारलं.

"कात्री लागली. पण तवा कळलंच न्हाई बघा. माल द्यायची घाई. सुपातलं पान लाल दिसलं तवा कळलं. रातीला मात्र जो ठणका लागला!"

मला जे समजावायचं होतं, ते त्यांच्या बोटावरच होतं. बोट कापलं तेव्हा मज्जातंतूंनी निरोप धाडला होताच. तीक्ष्ण कळ नेणारे तंतू सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगानं निरोप नेतात, ठणका नेणारे जेमतेम १-२ मीटर. पण निरोप निघाला म्हणजे दुखलंच, असं नसतं. वाटेत मज्जारज्जूत तो दाबलाही जातो, वाढतोही. मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली त्याला दाराची उपमा दिली. पोर पडलं की आपण त्याचा गुडघा चोळतो, त्या स्पर्शानं दार थोडं लोटलं जातं. मालाच्या घाईत मावशींच्या मेंदूनंच ते वरून ओढून घेतलं होतं.

कमरेचं नेमकं उलटं झालं. घागर उचलताना लचक भरली, ती इजा केव्हाच भरून आली. पण झोप उडाली, काम घटलं, अंथरूण धरलं तर काय ही धास्ती बसली. दुखणं ३ महिन्यांच्या वर रेंगाळलं की मज्जासंस्था हळवी होऊ शकते. घरात चोरी झाल्यावर राखणीचं कुत्रं पान हललं तरी भुंकतं, तसं साध्या वाकण्यालाही शरीर कळ काढतं. एमआरआयमध्ये हा हळवेपणा दिसत नाही. कळ मात्र शंभर टक्के खरी असते.

डॉक्टरांनी नीट तपासलं होतं, म्हणूनच मी हे बोलले. पाय बधिर पडत असेल, त्यातली ताकद जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, ताप येत असेल किंवा वजन उतरत असेल, तर माझ्याकडे येऊ नका, आधी डॉक्टर गाठा.

पुढच्या खेपेला मुलाला बोलावलं. तो वाईट नव्हता, भ्यायला होता. तिघांनी मिळून ठरवलं: रोज ५ मिनिटं चालायचं. दुखलं म्हणून कमी नाही, बरं वाटलं म्हणून जास्त नाही. दर आठवड्याला २ मिनिटं वाढवायची. विड्या वळताना अर्ध्या तासानं उठायचं. पहिले १५ दिवस फार जड गेले, दोनदा मावशी "न्हाई जमत" म्हणून फोनवर रडल्या.

चार महिन्यांनी आल्या तेव्हा म्हणाल्या, "दुखतंय की अजून. पण आता त्येचं भ्या न्हाई वाटत." मुलगाही आता दुखतंय का म्हणून विचारत नाही. संध्याकाळी आईच्या चपला उंबऱ्याशी काढून ठेवतो आणि बाहेर थांबतो.