अर्क, सत्त्व आणि फूल: झाडातून नेमकं काय निघालं?

मालाडच्या एका भाषांतरकार ताईंचा प्रश्न आलाय. वनौषधींवरच्या एका माहितीपत्रकाचं काम त्यांच्या हातात आहे. त्या विचारतात, ‘एका बातमीत “नरक्याच्या अर्कापासून कर्करोगावर औषध” असं वाचलं. दुसरीकडे त्यालाच “नरक्याचं सत्त्व” म्हटलं होतं. हे दोन्ही एकच का? आणि अल्कलॉइडसाठी “क्षाराभ” लिहिलं तर चालेल का?’

(नरक्या हे एक झाड, त्याच्याकडे शेवटी येतो. अल्कलॉइड म्हणजे वनस्पतींत सापडणारं, शरीरावर जोरदार परिणाम करणारं, नायट्रोजन असलेलं द्रव्य.) एकच नाहीत. इथे तर दोन्ही बसत नाहीत. ‘क्षाराभ’ मी लिहिणार नाही, तुम्हीही लिहू नका. आता का ते सांगतो, आणि त्यात जरा भटकणार आहे.

आधी अर्क. मराठीत दोन अर्क आहेत आणि त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. एक संस्कृतातला, म्हणजे सूर्य. रुईचं झाडही संस्कृतात अर्कच. दुसरा अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला ‘अरक’. त्याचा मूळ अर्थ घाम. भट्टीवरच्या भांड्यातून वाफ उठते, वर गार होते आणि थेंबथेंब खाली गळते. भांड्याला घाम फुटल्यासारखंच दिसतं ते. तेव्हा अर्क म्हणजे वाफेतून थंड करून मिळवलेलं पाणी: गुलाबाचा अर्क, ओव्याचा अर्क, बडीशेपेचा अर्क. त्यात जे वाफेबरोबर उडू शकतं तेवढंच येतं. जे उडत नाही ते तळाशीच राहतं, आणि बहुतेक अल्कलॉइडं अशी तळाशी राहणारीच असतात.

पुढे शब्द सैल झाला. पाण्यात, दारूत किंवा आणखी कशात भिजवून जे उतरतं त्या सगळ्यालाच आपण अर्क म्हणू लागलो. याचं ठळक उदाहरण शेतकऱ्यांचा निंबोळी अर्क. पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, थोडा साबण घालायचा आणि शंभर लिटर पाणी करून फवारायचं. ना भट्टी, ना वाफ. तरी शेतकऱ्याला कुणी ‘हा अर्क नव्हे, जलनिष्कर्ष आहे’ असं सांगायला गेलं तर तो हसेल, आणि त्याचं हसणं बरोबर असेल. शब्द वापराने रुळलाय. फक्त हे लक्षात ठेवायचं की अर्क नेहमी सरमिसळ असतो. निंबोळीच्या अर्कात ॲझाडिरॅक्टिन असतं, त्यामुळे किडी पानं खाणं सोडतात आणि त्यांचं कात टाकणं बिघडतं. पण त्या बादलीत त्याच्याबरोबर इतर ढीगभर पदार्थही असतात. (त्या ॲझाडिरॅक्टिनच्या नावात फारसीतले ‘आझाद’ आणि ‘दरख्त’ म्हणजे झाड, असे दोन शब्द दडलेत. कडुनिंबाचं लॅटिन नावच तिथून आलं.)

अर्काची आणखी एक गंमत म्हणजे आपण तो माणसांनाही लावला. ‘तो म्हणजे अर्क आहे नुसता’ हे कौतुक की तक्रार, हे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. चेहऱ्यातलं नेमकं वैशिष्ट्य पकडून फुगवलेल्या चित्राला अर्कचित्र म्हणणाऱ्याला तर मी मनोमन नमस्कार करतो.

आता सत्त्व. लिहिताना दोन त. सत् अधिक त्व. ‘सत्व’ हे डब्यांवर इतकं छापलं जातं की बरोबर लिहिणाऱ्यालाच लोक दुरुस्त करतात.

या शब्दाने मला एकदा तोंडघशी पाडलंय. एका पुस्तिकेत मी कुड्याच्या सालीतल्या द्रव्याला बिनदिक्कत ‘कुड्याचं सत्त्व’ लिहिलं होतं. ओळखीच्या एका वैद्यांचा फोन आला, ‘अहो, कुड्याची खीर करणार आहात का?’ वैद्यकात आणि स्वयंपाकघरात सत्त्वाला ठरलेला अर्थ आहे. नाचणीचं सत्त्व कसं काढतात आठवा. नाचणी भिजवून वाटायची, फडक्यातून गाळायची, ते पाणी न हलवता ठेवायचं, वरचं पाणी ओतून टाकायचं आणि तळाचा पांढरा साका वाळवायचा. गुळवेलीचं सत्त्व अगदी याच पद्धतीने काढतात: ओल्या वेलीचे तुकडे चेचून, पाण्यात कुस्करून, गाळून, निवळून. तळाशी जे बसतं ते बहुतांशी पिष्ट. वेलीचा कडवटपणा बराचसा वरच्या पाण्याबरोबर निघून जातो. म्हणजे नाव सत्त्व, आणि वेलीतलं जे पाण्यात विरघळणारं तेच मोरीत! वैद्य हे सत्त्व का देतात ते त्यांचं शास्त्र, त्यात मी पडत नाही. भाषेपुरतं एवढंच सांगतो की ‘नरक्याचं सत्त्व’ असं वाचल्यावर जाणकाराच्या डोळ्यांपुढे पांढरी भुकटी येणार, आणि ती चुकीची भुकटी असणार.

काढा त्या मानाने सरळ. उकळून आटवलं की काढा. मात्र काढा ‘काढण्या’तून आला असं पुष्कळांना वाटतं, तसं नाही. काढा, कढणे आणि आपली कढी हे संस्कृत ‘क्वथ्’ म्हणजे उकळणे या धातूचे वंशज. ‘काढणे’ हे ओढून बाहेर घेण्याच्या वेगळ्याच प्राकृत क्रियापदातून आलेलं. दोघांची तोंडं सारखी, कुळं निराळी.

याच ‘क्वाथा’चा एक नातू पानाच्या ठेल्यावर बसलाय: कात. कोकणात खैराच्या लाल गाभ्याच्या ढलप्या काढून तासन्‌तास उकळतात, पाणी आटवून घट्ट करतात आणि थिजवून वड्या पाडतात. कातकरी हे जमातीचं नाव याच कामावरून पडलं. थंड होताना त्यात जे स्फटिकासारखं वेगळं बसतं ते मुख्यतः कॅटेचिन, आणि मागे उरतं ते टॅनिनचं गडद पाणी, जे कातडी कमावायला आणि जाळी रंगवायला जायचं. दोन्ही तुरट. तुरट लागतं कारण हे पदार्थ लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, तोंडाचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत वाटते. घसा बसल्यावर खदिरादि वटी चघळतात, त्यातला खदिर म्हणजे हाच खैर.

आणि आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. युरोपच्या व्यापारात काताला ‘कॅटेचू’ म्हणत. रसायनशास्त्रज्ञांनी त्यातल्या द्रव्याला नाव दिलं कॅटेचिन. ते तापवून १८३९ साली जे मिळालं ते कॅटेचॉल. पुढे शरीरातल्या काही रेणूंचा सांगाडा कॅटेचॉलचाच निघाला, म्हणून त्या सगळ्यांचं कुळनाव पडलं कॅटेकोलामाइन: ॲड्रेनलिन, नॉरॲड्रेनलिन, डोपामिन. परळच्या एखाद्या रुग्णालयात डॉक्टर ‘कॅटेकोलामाइन्स वाढलीत’ म्हणतात तेव्हा त्या शब्दात खैराची ढलपी असते. ॲड्रेनलिनमध्ये कात नसतो, हे सांगायला नको. पण पानवाल्याला सांगून बघा, खूश होईल.

आता मूळ मुद्दा. अर्क, सत्त्व, काढा ही सगळी ‘कसं मिळवलं’ याची नावं आहेत. त्यातून एकच शुद्ध द्रव्य वेगळं काढलं तर त्याला मराठीत काय म्हणायचं? शब्द नाही, असं भाषांतरकार मंडळी म्हणतात. माझ्या आजीकडे होता. गिरगावातल्या घरी फडताळात एक लहानशी बाटली असे, तिच्यात खड्यांसारखे पांढरे स्फटिक. ती त्यांना ‘ओव्याचं फूल’ म्हणे. काष्ठौषधीच्या दुकानात आजही याच नावाने मागायचं. ओव्याच्या तेलातून जमणारं हे थायमॉल, जंतुनाशक. तसंच पुदिन्याचं फूल म्हणजे मेंथॉल. ही दोन फुलं आणि कापूर एका बाटलीत घातले की तिन्ही घन पदार्थ आपोआप वितळून पातळ होतात. तीच अमृतधारा. आजीला तो चमत्कार वाटायचा. मलाही वाटतो, कारण कळूनही.

ओवा आणि पुदिना ही झाडं नव्हेत, मान्य. पण कापूर झाडाचाच. आणि भीमसेनी कापूर तर बोर्निओ-सुमात्राच्या पावसाळी जंगलातल्या प्रचंड वृक्षांच्या खोडांतल्या भेगांमधून खरवडून येत असे. त्यातल्या द्रव्याचं नाव बोर्निऑल. त्याला मराठीत दुसरं नाव ‘बरास’, ते सुमात्राच्या बारूस बंदरावरून. म्हणजे शुद्ध द्रव्याला स्वतःचं नाव द्यायची आपली जुनी रीत आहे. त्याला ‘अमक्याचं सत्त्व’ म्हणत बसायचं नाही. फूल, कापूर, बरास, आणि कोयनेल.

कोयनेल म्हणजे क्विनीन. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावरच्या सिंकोनाच्या सालीतून पेलेटिए आणि कावांतू या दोघा फ्रेंचांनी १८२० साली ते वेगळं केलं. मूळ ‘किना’ हा तिथल्या केचुआ भाषेतला सालीसाठीचा शब्द. आपल्याकडे सिंकोनाची लागवड १८६०नंतर निलगिरी आणि दार्जिलिंगकडे झाली. मलेरियाचा परजीवी लाल पेशीत बसून हिमोग्लोबिन पचवतो. त्यातून निघणारा विषारी भाग तो एरवी निरुपद्रवी करून टाकतो, त्या कामात क्विनीन खोडा घालतं. जास्त झालं की कानांत गुणगुण सुरू होते. जुन्या लोकांना ही गुणगुण आणि ती कडू चव, दोन्ही पाठ होती. क्विनीनचं कोयनेल कसं झालं ते मात्र भाषेचं कौतुक: एका शब्दात दोन ‘न’ जिभेला जड होतात, म्हणून एकाचा ‘ल’. नंबरचा लंबर होतो, तसंच.

अल्कलॉइड हा शब्द याच काळातला, १८१९चा. ‘अल्कली’ला ‘सारखं’ या अर्थाचा ग्रीक प्रत्यय. अल्कली अरबीतून, खाऱ्या झुडपाच्या राखेवरून. आपला क्षारही राखेचाच, आघाड्याचा क्षार आठवा. म्हणून ‘क्षाराभ’ कागदावर चोख बसतो. अडचण शाळेत आहे. पाठ्यपुस्तकात आम्ल, आम्लारी आणि क्षार असे तीन गट शिकवतात, आणि तिथे क्षार म्हणजे मीठ या वर्गातले पदार्थ. त्यामुळे दहावी झालेला वाचक ‘क्षाराभ’ म्हणजे मिठासारखं काहीतरी असं समजेल. स्ट्रिक्नीनला मिठासारखं समजणं बरं नाही. काजऱ्याच्या बियांतलं ते अल्कलॉइड मज्जारज्जूतला लगाम सोडवतं आणि माणूस झटक्यांनी मरतो. सरळ अल्कलॉइड लिहा. नपुंसकलिंगी, अनेकवचन अल्कलॉइडं.

राहिला नरक्या. सह्याद्रीत सापडणारं हे लहान झाड, त्याच्या घाण वासावरून नाव पडलेलं. लॅटिनमध्येही एक जुनं नाव ‘फोएटिडा’, म्हणजे दुर्गंधी. वासाबाबत सगळ्यांचं एकमत दिसतंय. आताच्या नावातलं ‘निम्मोनियाना’ मुंबईचंच आहे. मुंबई परिसरातल्या वनस्पतींची ग्रॅहॅम यांची यादी १८३९ साली इथे छापली गेली, तिच्यात निम्मो या त्यांच्या सहकाऱ्याचं नाव या झाडाला दिलं गेलं.

यातलं द्रव्य कॅम्प्टोथेसिन. ते आधी एका चिनी झाडात सापडलं. मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी अमेरिकेत त्याची रचना १९६६ साली प्रसिद्ध केली. यातले वाणी नंदुरबारला जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले. नरक्यात तेच द्रव्य भरपूर असल्याचं १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातून. ताई, तुमच्या मालाडच्या अलीकडचं स्टेशन!

काम कसं करतं तेही सांगतो, कारण भाषांतरात ते लागेल. पेशी विभागण्याआधी डीएनएचा पीळ सैल करावा लागतो. त्यासाठी एक विकर (एन्झाइम) दोनपैकी एक धागा कापतं, पीळ सोडवतं आणि पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन त्या कापलेल्या जागी अडकून बसतं, जोड होत नाही आणि भराभर विभागणारी पेशी तिथेच मोडते. पण कॅम्प्टोथेसिन जसंच्या तसं देता येत नाही. ते पाण्यात नीट विरघळत नाही आणि फार विषारी आहे. त्यात बदल करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन तयार झाली, ती खरी औषधं. म्हणून ‘नरक्याच्या अर्कापासून औषध’ हे वाक्य नुसतं ढिसाळ नाही. ते वाचून कुणी साल उकळून प्यायला लागेल अशी भीती असते. तोडीने हे झाड आधीच विरळ झालंय, ते वेगळंच.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘नरक्याच्या लाकडातून कॅम्प्टोथेसिन हे अल्कलॉइड वेगळं काढतात, त्यात रासायनिक बदल करून कर्करोगावरची औषधं तयार होतात.’ माहितीपत्रकात पुढे सुकवलेल्या सालीची पूड पाण्यात उतरवलेली असेल तर तिथे बेलाशक ‘अर्क’ लिहा. आणि ‘कॅम्प्टोथेसिन’ला ‘ते’ म्हणा, कोयनेलसारखं.