वाफ गेली कुठे?

प्रश्न : मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे. रॉकेटच्या इंधनातल्या हायड्राझिनची विषारी वाफ हवेत आपोआप नष्ट होते, असं वाचलं. पण तिचा अर्धायुष्यकाल, म्हणजे निम्मी वाफ नष्ट व्हायला लागणारा वेळ, प्रत्येक पुस्तकात वेगळा. खरा कोणता?

उत्तर : सगळेच खरे असू शकतात, कारण मोजणाऱ्यांची भांडी वेगवेगळी असणार. नुसत्या ऑक्सिजनशी या वाफेची अभिक्रिया फार रेंगाळते. ती वेग घेते भांड्याच्या भिंतीवर. रेणू तिथे चिकटतो, त्याचे बंध सैल होतात आणि शेवटी मुख्यतः नायट्रोजन आणि पाणी उरतं. भांडं लहान असेल तर आकारमानाच्या मानाने भिंत जास्त, म्हणून वाफही लवकर जाते. भिंत कशाची आणि किती, याची नोंद नसेल तर मी तो आकडा हिशेबात धरत नाही.

काच आणि टेफ्लॉन तशी शांत. गंज आणि तांब्याचं ऑक्साइड मात्र अभिक्रिया भराभर घडवतात. किती, ते पाहा: हायड्राझिन आपोआप पेट घेण्याचं तापमान काचेवर सुमारे २७० अंश सेल्सिअस, स्टेनलेस स्टीलवर १५६, आणि गंजलेल्या लोखंडावर अवघं २४! या इंधनाजवळ गंजका पाना दिसला तरी मी काम थांबवायला लावतो. (उपग्रहांच्या छोट्या इंजिनांत हाच गुण कामी येतो. ॲल्युमिनावर (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडवर) बसवलेल्या इरिडियम धातूवरून हायड्राझिन गेलं की ठिणगीविना तापलेला वायू मिळतो.)

आता ज्याची मला सर्वांत काळजी वाटते ते. हवेतून वाफ गेली म्हणजे ती नष्टच झाली, असं समजू नका. हायड्राझिन नुसतं चिकटूनही बसतं. मी अशा वाफांची मोजमापं करत आलो आहे. नमुना खेचणारी नळी लांब किंवा मळकी असली की वाफ तिच्यातच अडकते, यंत्र कमी आकडा दाखवतं आणि नळी तापली की तीच वाफ पुन्हा सुटते. म्हणून नळी टेफ्लॉनची, स्वच्छ आणि शक्य तितकी आखूड ठेवायची. नाकावर तर मुळीच विसंबू नका. वास येतो साधारण ३ ते ४ पीपीएमला (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग), आणि कामाच्या जागेसाठी शिफारस केलेली मर्यादा आहे ०.०१ पीपीएम.

शिवाय नष्ट होऊन काय तयार झालं, हेही विचारायला हवं. असममित डायमिथिल हायड्राझिन या भावंडाच्या ऑक्सिडीकरणातून नायट्रोसोडायमिथिलअमाइन तयार होऊ शकतं, आणि ते प्राण्यांमध्ये कर्करोग घडवणारं जहाल रसायन आहे.

उघड्या हवेत भिंतीच नसतात. तिथे बहुतेक काम ओझोन आणि हायड्रॉक्सिल मूलक (हवेतले अतिशय क्रियाशील OH कण) करतात, त्यामुळे बंद भांड्यातला अर्धायुष्यकाल मोकळ्या मैदानातल्या गळतीला लावू नका.