सेल्फ मारताना टकटक आणि खरखर

प्रश्न : माझी मोटार पेट्रोलची, साध्या गिअरची आणि आठ वर्षे वापरलेली आहे. महिन्याभरापासून सकाळी किल्ली फिरवली की ‘टक्-टक्-टक्’ असा भरभर आवाज येतो आणि इंजिन फिरत नाही. गॅरेजमधील सल्ल्यावरून नवी बॅटरी बसवली, पण चार-पाच दिवसांनी पुन्हा तेच सुरू झाले. अधूनमधून ‘खर्रर्र’ असा दातांवर दात घासल्यासारखा आवाजही येतो. आता सेल्फच बदलावा लागेल असे सांगतात. त्याआधी काय तपासावे?

उत्तर : आपण ऐकलेले दोन आवाज बहुधा दोन निरनिराळ्या दोषांचे आहेत, म्हणून त्यांचा विचार वेगवेगळा करू.

किल्ली फिरवताच सेल्फवरील, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या विजेच्या मोटरवरील, सोलेनॉइड (विद्युतचुंबकाने चालणारा स्विच) आत ओढला जातो आणि मोटरचा विद्युतमार्ग जोडतो. मोटर त्या क्षणी शंभर अँपिअरहून अधिक प्रवाह मागते. बॅटरी उतरलेली असेल किंवा वाटेतला एखादा जोड खराब असेल, तर व्होल्टेज एकदम कोसळते, सोलेनॉइडची पकड सुटते, भार जाताच व्होल्टेज सावरते आणि सोलेनॉइड पुन्हा ओढला जातो. ही ओढाताण सेकंदात अनेकदा होते आणि तिचीच टकटक आपल्याला ऐकू येते. म्हणजेच हा आवाज सेल्फ बिघडल्याचा पुरावा नव्हे. उलट, सोलेनॉइड काम करत असून त्याला पुरेशी वीज पोहोचत नाही, असे तो सांगतो. सेल्फमधील संपर्क झिजले असते, तर बहुतेक वेळा एकच ठसठशीत ‘टक्’ ऐकू येऊन शांतता पसरली असती.

नव्या बॅटरीने चार-पाच दिवस साथ दिली, ही आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती आहे. एक तर ती चार्ज होत नसावी, किंवा ती बसवताना हललेला जोड पुन्हा सैल झाला असावा. साध्या मल्टीमीटरने याचा उलगडा होतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगल्या बॅटरीचे व्होल्टेज 12.6च्या आसपास असते, ते 12.2 असेल, तर ती जवळपास निम्मी रिकामी आहे असे समजावे. इंजिन चालू असताना हाच आकडा साधारणपणे 13.8 ते 14.7 या दरम्यान हवा. तो बॅटरीच्या मूळ आकड्यावरच अडकला, तर दोष अल्टरनेटरमध्ये (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रात), त्याच्या पट्ट्यात किंवा वायरिंगमध्ये शोधावा. चार्जिंग ठीक असूनही सकाळी बॅटरी उतरलेली आढळली, तर गाडी बंद असताना एखादे उपकरण वीज खात आहे का, हे पाहावे.

हे आकडे ठीक असतील, तर जोडांकडे वळावे. बॅटरीपासून इंजिनाच्या सांगाड्यापर्यंत जाणारी अर्थिंगची वायर हमखास दुर्लक्षित राहते, आणि माझा पहिला संशय तिच्यावरच आहे. मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूवर टेकवून दुसऱ्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. गाडी न्यूट्रलमध्ये असावी, हँडब्रेक ओढलेला असावा आणि हात पट्ट्यापासून दूर ठेवावेत. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा दिसला, तर तो मार्ग सदोष आहे. टर्मिनल सोडवताना ऋण बाजू आधी काढावी आणि शेवटी जोडावी. घासून धातू चकचकीत केल्यावर जोड घट्ट आवळावा. नुसता वरचा पांढरा थर पुसून भागत नाही.

आता खरखरीविषयी. सेल्फची लहान पिनियन, म्हणजे छोटे दातेरी चाक, फ्लायव्हीलवरील (इंजिनाच्या जड चाकावरील) रिंग गिअरमध्ये, म्हणजे दातेरी कड्यात, नीट न गुंतता घासली की असा आवाज होतो. चार सिलिंडरचे इंजिन बंद पडताना बहुधा ठरावीक जागांवरच थांबते, त्यामुळे रिंग गिअरचे तेच ते दात झिजतात आणि खरखर कधी येते, कधी येत नाही. तो आवाज आल्यास किल्ली बंद करून, पण स्टिअरिंग लॉक होऊ नये म्हणून ती न काढता, सपाट जागी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून थोडी ढकलावी आणि न्यूट्रलमध्ये आणून पुन्हा सेल्फ मारावा. दर वेळी एवढ्याने खरखर थांबत असेल, तर दातांवरचा संशय बळावतो. तेव्हा सेल्फ उतरवून पिनियन आणि रिंग गिअर या दोन्हींचे दात पाहिल्याशिवाय नवा सेल्फ घेऊ नये, कारण झिजलेला रिंग गिअर नव्या पिनियनचेही दात खातो. मात्र ही तपासणी लांबवू नका.

प्रश्न : माझी गाडी सकाळी लगेच सुरू होते, परंतु सुरू होताच एक-दोन सेकंद खडखड होऊन आवाज थांबतो. हे धोक्याचे आहे का?

उत्तर : याचा सेल्फशी संबंध दिसत नाही. रात्रभरात वरच्या भागातील ऑइल खाली उतरते, आणि ऑइलचा दाब तयार होईपर्यंत टायमिंग चेनचा (व्हॉल्व्हची उघडझाप इंजिनाच्या फिरण्याशी जुळवणाऱ्या साखळीचा) टेन्शनर, म्हणजे तिला ताणून धरणारा भाग, सैल राहून चेन खडखडते. प्रथम ऑइलची पातळी पाहावी आणि उत्पादकाने सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल व फिल्टर आहे का, याची खात्री करावी. खडखडीचा अवधी वाढत असेल, तर चेन व टेन्शनर तातडीने तपासून घ्यावेत. चेनने दात सोडले, तर अनेक इंजिनांमध्ये व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात.