लंबक सोडताना शून्य म्हणायचं

प्रश्न : मुलीला महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला घालायचा विचार आहे. नातेवाईक म्हणतात, पुढे तिचं नुकसान होईल. अशा शाळेत शिकलेल्या कुणाला नंतर पश्चात्ताप झाला का?

उत्तर :

मला नाही झाला. मी १९९६ साली पुणे महापालिकेच्या शाळेतून दहावी झाले. त्या शाळेबद्दल मनात जे आहे ते आजवर कधी लिहून काढलं नव्हतं, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आम्ही दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत राहायचो. वडील मार्केट यार्डात हमाली करायचे, आई सदाशिव पेठेत चार घरची धुणीभांडी करायची. मुलींना फी माफ होती, म्हणून मी शिकले. नाहीतर सातवीनंतर आईबरोबर कामाला जाणं ठरलेलं होतं. खर्च काय तो वह्या-पुस्तकांचा. जूनमध्ये आई मला अप्पा बळवंत चौकात न्यायची. तिथे जुनी पाठ्यपुस्तकं निम्म्या किमतीत मिळायची. ती वर्षभर जपायची, म्हणजे पुढच्या जूनमध्ये परत विकता यायची. पेनाने खूण करायची नाही, अशी आईची सक्त ताकीद होती.

शाळेत उणिवा होत्याच. वर्गात साठ-पासष्ट मुलं, मुलींच्या स्वच्छतागृहाला अनेकदा पाणी नसायचं, इंग्रजीला दीड वर्ष शिक्षकच नव्हते. यातलं काही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण आमच्याकडे प्रयोगशाळा होती आणि विज्ञानाच्या बाई तिला कुलूप लावून ठेवायच्या नाहीत.

नववीत लंबकाचा प्रयोग होता. एक मीटर दोरा, खाली धातूचा गोळा, आणि २० आंदोलनांना, म्हणजे जाऊन परत येणाऱ्या २० पूर्ण झोक्यांना, किती सेकंद लागतात ते मोजायचं. एवढ्या लांबीच्या लंबकाला एका आंदोलनाला साधारण २ सेकंद लागतात, म्हणजे ४० च्या आसपास यायला हवं. आमच्या गटाला ३८ आले. परत केलं, परत ३८. शेजारच्या गटाने गाइड बघून ४० लिहूनही टाकले होते. आम्ही खोडायला घेतलं, तेवढ्यात बाई आल्या आणि त्यांनी माझ्या हातातून खोडरबर काढून घेतलं. म्हणाल्या, "आलंय ते राहू दे. ३८ का आले ते शोधा."

तास संपला, मधली सुट्टी झाली. बाई डबा न उघडता आमच्याजवळ थांबल्या. शेवटी त्यांनी मला मोठ्याने मोजायला लावलं. मी गोळा सोडला आणि म्हणाले, "एक."

"अगं, अजून एक तरी झालं का?"

सोडतानाच एक म्हटल्यामुळे आम्ही वीस म्हणायचो तेव्हा आंदोलनं १९ च झालेली असायची. सोडताना शून्य म्हणायचं! बाईंनी ते ३८ मात्र खोडू दिले नाहीत. त्याच्याखाली कारण लिहायला लावलं आणि मग नवीन वाचन, म्हणजे नव्याने मोजून आलेला आकडा.

पुढे मी शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा केला. गेली बावीस वर्षं भोसरीच्या एमआयडीसीत मापन विभागात आहे. आमच्या खोलीचं तापमान कायम २० अंशांवर ठेवतात, कारण उष्णतेने धातू किंचित वाढला तरी माप बदलतं. नवीन मुलं येतात, ड्रॉइंगवर २५.०० असतं, हातातल्या पार्टचं वाचन २५.०३ येतं आणि त्यांचा हात २५.०० लिहायला जातो. मी त्यांना लंबकाची गोष्ट सांगते. माझं पोट ज्या कामावर चालतं ते काम त्या मधल्या सुट्टीत माझ्या हाती आलं, असं मी मनापासून मानते.

आता भाषेचं. डिप्लोमाचं पहिलं सत्र मला फार जड गेलं. सगळं इंग्रजीत, मी शेवटच्या बाकावर गप्प. पण फ्रिक्शन म्हणजे आपलं घर्षणच, डेन्सिटी म्हणजे घनता, हे कळायला लागलं तसं लक्षात आलं की विषय मला येतोय, फक्त नावं बदललीत. मी वहीच्या मागच्या पानांवर दोन रकाने आखून शब्द लिहीत गेले. वर्ष संपेपर्यंत त्या रकान्यांची गरज उरली नाही. बोलायचा संकोच मात्र बरीच वर्षं राहिला. तिथे मुलीला तुमची मदत लागेल, तेवढी पहिल्यापासून करा.

आणखी एक सांगते. अप्पा बळवंत चौकातून जवळच भिडेवाडा होता, जिथे १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींची शाळा काढली. लहानपणी आम्ही त्यावरून जायचो, तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. पुढे वाचलं की १८८२ मध्ये जोतीरावांनी इंग्रज सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगाला निवेदन दिलं होतं. सरकारचा महसूल येतो कष्टकरी रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांसाठी, असं त्यांनी त्यात मांडलं होतं. ते वाचताना मला आई आठवली. ज्या शहराची भांडी ती घासत होती, त्याच शहराने तिच्या मुलीला प्रयोगशाळा दिली होती. आज माझ्या घराच्या मिळकतकराच्या बिलात शिक्षण कराची ओळ असते. बिल मोठं येतं, पण ती ओळ मला कधी जड वाटली नाही.

तरीही महापालिकेच्या सगळ्या शाळा चांगल्या, असं मी म्हणणार नाही. नाव घालण्याआधी एकदा शाळेत जा. मुलींची स्वच्छतागृहं स्वतः बघा, नळ सोडून बघा. गणित, इंग्रजी, विज्ञान या तिन्ही विषयांना शिक्षक आहेत का ते विचारा. आणि नववीच्या चार-पाच मुलांच्या प्रयोगवह्या मागून घ्या. सगळ्यांची वाचनं हुबेहूब सारखी असतील तर दुसरी शाळा बघा. एखाद्या वहीत चुकलेलं वाचन तसंच ठेवून खाली कारण लिहिलेलं दिसलं, तर त्याच दिवशी प्रवेशाचा अर्ज भरा.